विमान टेकऑफलाच का पडतं? मोरव्याच्या धावपट्टीसाठी काही प्रश्न

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उड्डाण केल्या केल्या कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. बरोबर महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात म्हटलंय की जमीन सोडल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकापाठोपाठ एक बंद स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला बंद का केलं म्हणून विचारलं, दुसऱ्याने मी नाही केलं असं सांगितलं. बस्स. स्विच का गेले आणि कसे गेले, याचं उत्तर त्या अहवालात नाही.

पण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पहिल्या रात्रीच निकाल लागला होता. कोणी कंपनीला फाशी दिली, कोणी वैमानिकाला, कोणी पक्ष्यांना. दोन आठवड्यांनी विषय संपला. आपण अपघात झाला की "कोणी केलं?" एवढंच विचारतो. "काय काय जुळून आलं म्हणून झालं?" हे विचारत नाही. पुढचा अपघात टळायचा असेल तर उपयोग दुसऱ्या प्रश्नाचा असतो.

आता म्हणाल, चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला विमानाचं काय पडलंय? पडलंय. मोरव्याच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लबचं वैमानिक प्रशिक्षण आलं. राजुऱ्याजवळच्या मूर्तीचा विमानतळ वनजमिनीच्या परवानगीत अडकला, पण मागणी संपलेली नाही. गडचिरोलीला विमानतळाची घोषणा झाली. लोहखनिज आणि पोलाद कारखान्यांमुळे या भागात विमानं, हेलिकॉप्टरं वाढणार, कमी होणार नाहीत. म्हणून आत्ताच बोलायला हवं. अपघात झाल्यावर श्रद्धांजलीचे बॅनर लावायला आपल्याकडे माणसांची कमी नाही.

🔹 आधी महाराष्ट्रातलीच एक जुनी गोष्ट

२६ एप्रिल १९९३. औरंगाबाद, चिकलठाणा विमानतळ. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं विमान. आत ११८ माणसं, विमान भरलेलं, ऊन चाळिशीतलं. विमान धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला जाऊन उचललं गेलं. टोकाच्या पलीकडे बीड रोड. त्या रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या गाठी भरलेला ट्रक जात होता. विमानाचं डाव्या बाजूचं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. विमान तसंच पुढे गेलं, काही किलोमीटरवर उच्च दाबाच्या वीजतारांना लागलं आणि शेतात पडलं. ५५ माणसं गेली. ६३ वाचली.

लोकांच्या लक्षात ट्रक राहिला. "ट्रकला धडकून विमान पडलं" ही गोष्टच तशी आहे. पण चौकशीने कारणं दोन दिली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दोन, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक थांबवायची जबाबदारी ज्या विमानतळ प्राधिकरणाची होती, त्यांनी ती थांबवली नाही.

नीट बघा. यातली एक चूक झाली नसती तरी ५५ माणसं घरी गेली असती. नाक वेळेवर उचललं असतं तर ट्रक खाली राहिला असता. फाटक लावलेलं असतं तर उशिरा उचललेलं विमानही बहुतेक निघून गेलं असतं. वैमानिकाची चूक काही सेकंदांची होती. रस्त्याची चूक मात्र रोजची होती. धावपट्टीच्या तोंडावरून रस्ता जातो, वर विमान जातं, खाली ट्रक जातो, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. काही होत नव्हतं म्हणून चालत होतं.

आणि आपल्याकडे "काही होत नाही" हा तर जिल्ह्याचा कारभारच आहे.

🔹 लहान विमान उडताना का पडतं?

मोठ्या विमानाच्या बातम्या होतात, पण शिकणारी पोरं लहान विमानात बसतात. एक इंजिन, दोन-चार सीट. त्यांच्या टेकऑफच्या अपघातांची कारणं जगभर साधारण तीच ती सापडतात. साध्या भाषेत सांगतो.

पहिलं, ऊन. पंखाला उचलायला हवा दाट लागते. हवा तापली की विरळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, पंख्याला ओढ कमी. तिन्ही एकदम. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटरवर आहे. पण मे महिन्यात दुपारी पारा ४६ वर गेला, की हिशोबाने इथली हवा विमानाला १,३०० ते १,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने आपलं चंद्रपूर त्या दुपारी महाबळेश्वरच्या उंचीवर जाऊन बसतं, फक्त थंडी सोडून! सकाळी ज्या अंतरात विमान सहज उठतं, त्याच विमानाला तेवढ्याच वजनात दुपारी कितीतरी जास्त धावपट्टी लागते, आणि उठल्यावर वर चढायचा वेगही मंदावतो. शिकणाऱ्याला वाटतं, काल तर उठलं होतं. काल सकाळ होती, बाबा.

दुसरं, वजन. लहान विमानात एक माणूस जास्त, टाकी पूर्ण भरलेली, मागे दोन बॅगा, एवढ्यानं गणित बदलतं. वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. मागे जास्त झालं की नाक आपोआप वर जातं. २४ जुलै २०२४ ला काठमांडूला सौर्य एअरलाइन्सचं विमान टेकऑफलाच पडलं, १९ पैकी १८ गेले. तिथल्या चौकशीत निघालं की विमान कमी वेगावर आणि झटक्यात उचललं गेलं, आणि कोणत्या वजनाला किती वेग हवा याचा तक्ताच चुकीचा होता. कागदावरचा आकडा चुकला आणि माणसं मेली.

तिसरं, इंधन आणि इंजिन. टाकीत पाणी उतरलं असेल, तर जमिनीवर इंजिन नीट चालतं आणि पूर्ण ताकद लावली की नेमकं तेव्हा खोकतं. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून काचेच्या भांड्यात बघायचं असतं. काम दोन मिनिटांचं. कंटाळा आला की हेच पहिलं वगळलं जातं.

चौथं, आणि सगळ्यात जीवघेणं. जमीन सोडल्यावर तीन-चारशे फुटांवर इंजिन बंद पडलं, तर माणसाचं मन म्हणतं, मागे वळ, धावपट्टी तिथेच आहे. वळताना उंची जाते, वेग जातो, पंख हवा सोडतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. म्हणून शिकवतात की कमी उंचीवर वळू नकोस. नाक खाली घे, वेग सांभाळ आणि समोर जे मोकळं दिसेल तिथे उतर. शेत चालेल, माळ चालेल. विमान मोडेल, पण माणसं वाचण्याची शक्यता राहते.

आता इथे आपला संबंध येतो. "समोर जे मोकळं दिसेल" हे कोणी ठेवायचं? वैमानिकाने? नाही. ते जिल्हा प्रशासनाने ठेवायचं, नगररचनावाल्यांनी ठेवायचं, ग्रामपंचायतीने ठेवायचं, वीज कंपनीने ठेवायचं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे प्लॉटिंग झालं, तारा ओढल्या, टॉवर उभा राहिला, की त्या पोरापुढे उतरायला जागाच राहत नाही. मग अहवालात येणार "वैमानिकाची चूक". आणि ज्याने तिथे परवानगी दिली तो निवृत्त होऊन नागपूरला बंगल्यात.

🔹 आपल्या शेजारचेच अपघात

वैनगंगा आपली नदी. गोंदिया-भंडाऱ्याहून येते, ब्रह्मपुरी आणि वडसा-आरमोरीच्या मधून वाहत खाली जाते. याच वैनगंगेत वर, गोंदिया-बालाघाटच्या सीमेवर २६ एप्रिल २०१७ ला बिरसीच्या प्रशिक्षण संस्थेचं विमान पडलं. नदीचं पाणी मोजायला आडवी बांधलेली दोरतार असते ना, तिला ते लागलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. तारीख बघा. औरंगाबादच्या अपघाताला त्या दिवशी २४ वर्षं झाली होती.

विमान इतकं खाली का होतं, हा प्रश्न आहेच. पण ती तार वरून दिसेल अशी होती का? तिच्यावर रंगीत गोळे होते का? नकाशावर तिची नोंद होती का? आपल्या नद्यांवर अशा तारा किती आहेत, जंगलातून उच्च दाबाच्या लाइनी किती जातात, याची एका जागी यादी आहे का? हे प्रश्न फक्त विमानांचे नाहीत. आपल्याकडे हेलिकॉप्टर कितीदा उडतं ते गडचिरोलीच्या पोरासोरांनाही माहीत आहे. जखमी जवान त्यातूनच येतो. निवडणुकीची मशीन घेऊन पोलिंग पार्टी त्यातूनच जाते.

१८ मार्च २०२३ ला बिरसीहूनच उडालेलं आणखी एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या जंगलातल्या डोंगरात पडलं. पुन्हा दोघं. पुन्हा एक शिकवणारा, एक शिकणारी.

१६ जुलै २०२१ ला शिरपूरचं प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथे पहिली कोण पोचली? आदिवासी बायामाणसं. एका बाईने अंगावरची साडी सोडून झोळी केली आणि त्या झोळीतून मुलीला उचलून आणलं. आपल्या भामरागड-एटापल्लीत खाटेची कावड करून बाळंतिणीला नेतात, तसंच.

त्या माउलीला नमस्कार. पण विमान उडवणाऱ्या यंत्रणेची बचावाची योजना एका बाईच्या साडीवर उभी असेल, तर तिचं कौतुक करताना आपल्याला थोडी लाजही वाटली पाहिजे.

आणि १७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. सुरजागड इस्पातच्या भूमिपूजनाला अहेरीकडे येताना उपमुख्यमंत्री फडणवीस, अजितदादा आणि उदय सामंत यांचं हेलिकॉप्टर ढगांत भरकटलं होतं. पोटात कसा गोळा आला आणि पांडुरंगाचं नाव कसं घेतलं, ते अजितदादांनी त्याच कार्यक्रमात सांगितलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. राज्याच्या दोन उपमुख्यमंत्र्यांना आपल्या आकाशात वाट सापडेना, मग एकट्या शिकाऊ पोराचं काय? दंतेवाड्याच्या सीमेपासून चिमूरपर्यंत एवढं मोठं जंगल आणि डोंगर. त्यात खालच्या ढगांची, वाऱ्याची नोंद वैमानिकाला ताबडतोब देणारी केंद्रं किती आहेत, हा प्रश्न त्या दिवशी विधानसभेत विचारायला हवा होता.

🔹 "चालकाचे नियंत्रण सुटले"

काही मित्र म्हणतील, भाऊ, इथे रस्त्यावर रोज माणसं मरतात आणि तू विमानाचं काय घेऊन बसलास. बरोबर आहे. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांनी काय केलं ते आपण पाहिलंय. म्हणूनच तर लिहितोय.

विमान पडलं की निदान चौकशी बसते. एएआयबी नावाची स्वतंत्र संस्था आहे. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की या चौकशीचा हेतू दोष देणं नाही, पुढचा अपघात टाळणं आहे. महिन्याभरात प्राथमिक अहवाल, शक्य असेल तर वर्षात अंतिम. उशीर होतो, त्रुटी असतात, पण अहवाल निघतो आणि कोणालाही वाचता येतो.

रस्त्यावर मात्र पेपरात एक ओळ येते. "चालकाचे नियंत्रण सुटले." झालं. वळणावर कठडा नव्हता, खड्डा होता, ट्रकमध्ये माल जास्त होता, चालक किती तास झोपला नव्हता, यातलं काही नाही. गुन्हा चालकावर, फाइल बंद, आणि पुढच्या महिन्यात त्याच वळणावर दुसरा.

उद्या आपल्याकडे विमानाचा अपघात झाला आणि त्यालाही आपण "वैमानिकाचे नियंत्रण सुटले" एवढ्यावर सोडलं, तर आपण रस्त्याची सवय आकाशात नेली म्हणायची.

🔹 मग मागायचं काय?

मी विमानतळाच्या विरोधात नाही. फ्लाइंग क्लबच्या तर मुळीच नाही. जिवती-कोरपन्याच्या, धानोरा-कुरखेड्याच्या एखाद्या पोरीने विमान चालवावं, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. पण ती संध्याकाळी घरी आली पाहिजे. म्हणून जिल्हाधिकारी, पालकमंत्री, आमदार-खासदार आणि क्लबवाले यांच्याकडे आपल्या मागण्या साध्या आहेत.

१) उन्हाळ्यात दुपारी प्रशिक्षणाचं उड्डाण नको. किती तापमानाला थांबायचं, तो आकडा ठरवून बोर्डावर लावा. "प्रशिक्षक बघतील" असं नको. प्रशिक्षकावरही तास पूर्ण करायचा दबाव असतो.

२) धावपट्टीला पूर्ण कुंपण. गुरं, रानडुकरं, मॉर्निंग वॉकवाले आणि रील काढणारी पोरं, कोणीच आत नको. हसू नका, आपला भाग आपल्याला माहीत आहे.

३) दोन्ही टोकांपुढच्या जमिनीचा नकाशा जाहीर करा. तिथे काय बांधता येईल आणि काय नाही, हे ग्रामपंचायतीत लावा. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर बंधन येईल त्याला मोबदला द्या. फुकटात त्याच्या डोक्यावर सुरक्षितता बसवू नका.

४) तारा, टॉवर, चिमण्या, खाणींचे मातीचे ढिगारे, नदीवरच्या दोरतारा, सगळ्यांची एक यादी. आपला जिल्हा औष्णिक केंद्राचा आणि कोळसा खाणींचा. ढिगारा दरवर्षी वाढतो, म्हणून यादीही दरवर्षी नवी हवी. तारांवर रंगीत गोळे लावायला फार पैसे लागत नाहीत.

५) हवामानाची नोंद धावपट्टीवरच व्हायला हवी. चंद्रपूर शहराचा पारा मोबाइलवर बघून विमान उडवू नये.

६) अपघात झाला तर कोण जाईल, कुठून जाईल, कोणत्या दवाखान्यात नेईल, हे लिहून ठेवा. वर्षातून एकदा पोलीस, वनविभाग, १०८ आणि गावकरी मिळून त्याचा सराव करा. जंगलात पहिला माणूस गावातलाच पोचणार आहे. त्याला निदान इंधन गळत असेल तर विडी पेटवू नये, पाठ मोडलेल्या माणसाला कसं उचलावं, एवढं सांगा.

७) आणि अहवाल मराठीत द्या. बिरसीच्या अपघातांचे अहवाल इंग्रजीत असतील, तर गोंदिया-गडचिरोलीच्या सरपंचाने त्यातून काय शिकायचं?

यातलं एकही काम मोठ्या पैशाचं नाही. मूर्तीच्या विमानतळावर पडून राहिलेल्या कागदांपेक्षा तर नक्कीच स्वस्त आहे.

राहता राहिला एक आक्षेप. "तुम्ही लोक प्रत्येक कामात खोट काढता, म्हणून जिल्हा मागे राहतो." मी उलट म्हणतो. ज्या धावपट्टीवर एकदा दोन पोरं गेली, तिथे आईबाप पुढच्या वर्षी पोर पाठवत नाहीत. मग क्लब बंद पडतो, गवत वाढतं आणि आपण पुन्हा "विमानतळ द्या" म्हणून निवेदन घेऊन उभे राहतो. नीट चालवणं हाच टिकवायचा रस्ता आहे.

१९९३ साली बीड रोडवरच्या त्या ट्रकवाल्याला कोणी थांबवलं नाही, कारण थांबवायचं काम कोणाचं आहे हे कागदावर होतं, रस्त्यावर नव्हतं. मोरव्याच्या धावपट्टीच्या बाबतीत ते काम कोणाचं आहे, एवढं एक वाक्य जिल्हा प्रशासनाने लेखी द्यावं. माणसाचं नाव नको, फक्त पद लिहा. नाही दिलं तर माहिती अधिकारात मागता येतं, दहा रुपयांचा अर्ज लागतो.

मोरवा, ताडाळी, पडोली भागातल्या मित्रांनी धावपट्टीच्या टोकाला आज काय परिस्थिती आहे ते कमेंटमध्ये लिहा. फोटो बाहेरूनच काढा, आत जाऊ नका. ज्यांची पोरं तिथे शिकायला जाणार आहेत, त्या आईबापांपर्यंत ही पोस्ट पोचवा. फी किती हे ते विचारतीलच. त्यासोबत हेही विचारायला सांगा की दुपारी विमान उडवता का, आणि टाकीतलं इंधन रोज सकाळी कोण तपासतं.